राणीच्या चित्राचा डबा

सालमिया, कुवेत
ता. ५ नोव्हेंबर १९६१

नझीर, तू विसरला असशील म्हणून आधीच सांगून टाकते: मी तुझी दादी. तुझ्या बापाची आई. तुझी आई गेली तेव्हा तुला मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्याने बकरीचं दूध पाजणारी बाई होती ना, ती मीच. नाव आठवत नसेल तर राहू दे. पाकिटावर नुसतं ‘म्हातारी’ लिही. पत्रं तुझ्या बापाच्या, कासमच्या दुकानावरच येतात, तो बरोबर ओळखून आणून देईल.

मी बोलते आहे, रबिया लिहिते आहे. रबिया म्हणजे तुझी बायको, हेही सांगून ठेवलेलं बरं. मी बोलते ते सगळं ती लिहीत नाही असा मला संशय आहे, कारण मी शिवी घातली की तिची लेखणी थांबते.

आम्ही सगळे बरे आहोत. धुळीचे दिवस संपले, खिडक्यांच्या फटीतल्या चिंध्या काढल्या. रुपये जाऊन दिनार आले ते मला अजून ओळखता येत नाहीत, पण कोपऱ्यावरच्या बकालेवाल्या वाण्याला येतात, म्हणून चाललं आहे. संध्याकाळी समुद्रावर जाते. पाणी आपल्या खाडीसारखं नाही, त्याला वासच नाही.

तुझी पत्रांतली परदेशी गल्ली मात्र मला आता आपल्या वाडीपेक्षा जास्त पाठ आहे. डोळे मिटून चालवून दाखवते. स्टेशनाकडून चढ लागला की पहिला चहाची पत्ती भाजणारा, त्याचा वास गिऱ्हाइकाच्या आधी रस्त्यावर येतो. मग कागदी छत्र्यांचा म्हातारा, ज्याच्या छत्र्या उघड्या वाळत पडलेल्या असतात आणि मांजर त्यांच्या सावलीत झोपतं. मग तो चित्रं छापणारा, एकेका रंगाला लाकडाची वेगळी फळी कोरतो. तू लिहिलं होतंस, पावसाच्या चित्राला त्याने नुसता पाऊस कोरायला एक फळी घेतली. मग जुन्या रेशमी कपड्यांची बाई, मग लाकडी फण्या, मग मातीची भांडी, ज्यांत वाकडं भांडं सरळ भांड्यापेक्षा महाग. आणि चढ संपतो तिथे मिठाईचं दुकान. महिना बदलला की तिथल्या मिठाईचा आकार बदलतो: एकदा फूल, एकदा पान, एकदा चांदणं पडलेलं पाणी. आणि आत काय, तर गोड शिजवलेली लाल चवळी. चवळी गोड करून खाणाऱ्यांवर अल्ला रहम करो. पण त्या दुकानापाशी आलं की रबिया वाचता वाचता हळू होते. तिथली एक तरी मिठाई तिला खाऊ घालीन असं तू तीन पत्रांत लिहिलं आहेस.

तुझ्या लेकीने, असमाने, गॅलरीत चपला मांडून तुझी गल्ली केली आहे. माझी चप्पल छत्रीवाला, तिच्या आजोबांचा बूट चित्रवाला. वरच्या टोकाला तिचा स्वतःचा लाल सँडल, तो मिठाईचं दुकान. बापाला ती फोटोत ओळखते. प्रत्यक्षात भेटलास तर ‘काका’ म्हणेल, मनाला लावून घेऊ नकोस.

तू लिहितोस, या गल्लीत कोणाला घाई नाही. ते कळलं. ईद झाली की रबियाला आणि असमाला बोलावतो असंही लिहिलं होतंस. कुठली ईद ते आम्ही विचारलं नाही, चूक आमचीच.

अशरफ तांडेलाच्या आगबोटीवरून डबा पाठवते आहे. तोच, राणीच्या चित्राचा बिस्किटांचा डबा, लहानपणी लाथ मारून तू राणीच्या गालाला कोचा पाडलास तो. आत सोडे आहेत, लिंबाचं लोणचं आहे, बसऱ्याचा खजूर आहे. डबा परत पाठव. आपल्यात डबा रिकामा परत जात नाही, हे तुला सांगण्यात अर्थ नाही, कारण तुझ्याकडून डबाच परत येत नाही. फखरुन्निसाखालाचे डबे, जमिलाची किटली, मशिदीतली खिरीची कासंडी, सगळी तुझ्याकडे गेली आणि अल्लाला प्यारी झाली. निदान राणीला परत पाठव.

दादी


सालमिया
ता. २० एप्रिल १९६२

नझीर,

डबा आला.

अशरफने आणून दिला. चहा प्याला, पंख्याकडे बघत बसला. मी विचारलं, डबा कोणी दिला? म्हणाला, नझीरभाईच्या घरून. पंखा बंदच होता, तरी तो बघत होता.

डबा भरून आला. आत तांदळाच्या भाजलेल्या चकत्या, त्यांना काळ्या कागदासारखं समुद्राचं शेवाळ गुंडाळलेलं. रबियाला आवडल्या. असमाने शेवाळ काढून चकत्या खाल्ल्या आणि शेवाळ माझ्या ताटात ठेवलं. दुसऱ्या पुडीत बारीक सुकी मासळी, आपल्या सुकटीसारखी, पण एक कण वाळूचा नाही. पन्नास वर्षं मासळी सुकवली मी, वाळू नसलेली मला कधी जमली नाही. वर आगपेटी, तिच्यावर त्या मिठाईच्या दुकानाचं रंगीत चित्र. आणि हे सगळं एका निळ्या फडक्यात बांधलेलं. गाठ अशी की दोन्ही कान सारखे.

डबा घासलेला होता. कडेचा गंज खरवडून काढलेला, लोणच्याचा वास गेलेला, उन्हात वाळवलेला. राणीच्या गालाच्या कोच्यातसुद्धा मळ नव्हता.

रबिया फार खूश आहे. म्हणते, बघा दादी, माणूस परदेशात राहून शिकला. मी म्हटलं, हो बाई, शिकला.

आणखी एक. तुझ्या मागच्या तीन पत्रांत गल्ली वरून सुरू होते. आधी मिठाई, मग मातीची भांडी, मग फण्या, आणि स्टेशन अगदी शेवटी. पूर्वी तू खालून चढायचास. मी रबियाला म्हटलं तर ती म्हणाली, कधी वरून उतरला असेल. असेल. ज्यांना वाचता येतं त्यांना मागचं पत्र काढून बघता येतं. माझ्याकडे पत्र नाही, मला सगळं डोक्यात ठेवावं लागतं, आणि तिथे ठेवलेलं उलटं झालं की टोचतं.

बाकी ठीक. रबिया लिहिते आहे, म्हणून बाकी इथेच ठेवते. तिने आत्ता वर बघितलं. काही नाही गो, लिही: तब्येतीला जप.

दादी


सालमिया
ता. २७ एप्रिल १९६२

नझीर,

हात बदललेला दिसेल. रबिया असमाला घेऊन जहऱ्याला मावसबहिणीकडे गेली आहे, बाळाचं जावळ आहे. ही शेजारची बिल्कीस, बाणकोटची. हिच्या नवऱ्याला हिच्या पोटातली गोष्ट कधी कळली नाही, म्हणून हिला बोलावलं. शिव्यासुद्धा लिहीन म्हणते.

मी अशरफला पुन्हा बोलावलं. मटण केलं. ताटात वाढलं आणि ताट माझ्याकडे ओढून ठेवलं. म्हटलं, आधी बोल. तांडेल माणूस, वादळात डोलकाठी सोडत नाही, पण मटणापुढे सोडली.

तर मिठाईच्या दुकानाची मुलगी. बाप लढाईत गेलेला, आई आणि ती दुकान चालवतात. तू दुकानाच्या वरच्या खोलीत राहतोस. म्हणून गल्ली वरून सुरू होते. मशिदीत निकाह झाला, तिचं नाव झुलेखा ठेवलं, आता तिला दिवस गेले आहेत. अशरफ म्हणाला, बाई गुणाची आहे हो दादी, जिना उतरून खाली आली, दोन्ही हातांनी डबा दिला आणि वाकली.

ते मला त्याच्या आधी डब्याने सांगितलं होतं. तू जन्मात डबा परत केला नाहीस, नझीर. घासलेला तर नाहीच. डबा कोणाचा, कुठून आला, हे तू तिला काय सांगितलंस मला ठाऊक नाही. पण तिने बघितलं की कोणाच्या तरी घरून आला आहे, रिकामा कसा पाठवायचा, म्हणून भरला. तिच्या आईने तिला शिकवलं असेल. माझ्या आईने मला शिकवलं. मधल्यामध्ये तुला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं, कारण तुझी आई नव्हती आणि मी तुला डबा उचलूच दिला नाही.

दुसरं लग्न केलंस म्हणून मी रडत नाही. तुझ्या आजोबांनी दाभोळात काय काय केलं ते मी खाडीत सोडून आले. मला राग आहे तो पत्रांचा. इतक्या पानांत एवढे रंग, एवढे वास, पावसाची वेगळी फळी, आणि एक ओळ ठेवायला जागा नव्हती? माझ्या नातसुनेला तू मिठाईच्या दुकानाच्या काचेपर्यंत रोज नेलंस आणि रोज बाहेर उभी केलीस. आत कोण बसलं आहे ते सांगितलं नाहीस.

तुझ्या बापाला सांगितलं. कासम म्हणाला, आई, गप्प राहा. रबियाचा बाप गावात मानाचा माणूस आहे, आपलं तोंड राहणार नाही. पुरुष माणूस आहे, परदेशात आहे, आपोआप मिटेल. मी विचारलं, पोरही आपोआप मिटेल का? तर नमाजाला उठला. नमाजाची वेळ व्हायची होती.

मी काय मागते ते नीट ऐक, बिल्कीस जाड अक्षरात लिहील. रबियाला तू स्वतः लिही. तिला ठेवायची असेल तर बायको म्हणून ठेव, तिकीट पाठव, तिथली वरची खोली कोणाकोणाची ते तिला आधी कळव. ठेवायची नसेल तर मोकळी कर. तीस वर्षांची नाही अजून ती. तिला खुंटीवर टांगून ठेवू नकोस, शेरवानी नाही ती तुझी, ईदला झटकून घालायला.

बिल्कीस रडते आहे. मी हिला लिहायला बोलावलं होतं.

दादी


सालमिया
ता. १० सप्टेंबर १९६२

नझीर,

हात पुन्हा रबियाचा आहे. का ते पुढे येईल.

तुझं उत्तर आलं. उन्हाळा सबंध लागला त्याला यायला. इथे पत्र्यावर अंडं ठेवलं तर उकडत होतं, आणि तुझ्या पत्रात बर्फ किसून त्यावर हिरवा चहा घालून खातात. छापवाल्याने नवीन चित्रांचं प्रदर्शन मांडलं. फण्यांच्या दुकानात शिसवीसारख्या काळ्या लाकडाची फणी मिळाली, ती रबियासाठी पाठवतो आहेस. छत्रीवाला म्हातारा गेला, त्याच्या मांजराला आता चहावाला सांभाळतो. मांजराची सोय झाली, वाचून बरं वाटलं.

मी जे मागितलं होतं त्याबद्दल काही नाही. शेवटी एक ओळ, ‘दादींना सांग, सगळं ठीक होईल, घाई करू नये.’

कासमने हे पत्र संध्याकाळी मोठ्याने वाचलं. तो वाचतो तेव्हा मालाचं बिल वाचल्यासारखं वाचतो. रबिया मासे साफ करत होती. मी तिच्याकडे बघत नव्हते. पाच महिने तिच्याकडे बघत नव्हते मी, जेवताना, बोलताना, हिचं काय करू म्हणत. कासम फणीपाशी आला तेव्हा तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि मला विचारलं,

“दादी, त्यांनी कधी कोणाचा डबा परत केला होता?”

मी म्हटलं, “काय गो?”

“डबा आला त्या दिवशीच कळलं मला. गाठ बघितली. माणूस अशी गाठ मारत नाही, मारली तरी दोन्ही कान सारखे करत बसत नाही. तुम्हाला कळलेलं नाही असं वाटलं मला. म्हातारपणी जीवाला लागेल, म्हणून बोलले नाही.”

म्हणजे बघ. मी तिच्यापासून लपवत होते, ती माझ्यापासून. एका स्वयंपाकघरात दोघी, एकाच डब्यातल्या चकत्या खात, ‘शिकला हो माणूस’ म्हणत. तुझ्या एका खोट्याने या घरात दोन खोट्या बायका झाल्या. आणि बिल्कीस तिसरी, ती बिचारी नुसती रडायला होती.

कासमने चष्मा काढला. म्हणाला, सूनबाई, धीर धर. ती म्हणाली, अब्बा, तीन वर्षं धीरच धरला आहे, आता हात भरून आले. तिने मग असं बोलायला नको होतं म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण बोललेलं मागे घेतलं नाही. कासम तिच्याशी तोंड वर करून बोलला नाही त्या दिवसापासून. लाजेने की रागाने मला कळत नाही, त्यालाही कळत नसावं. मी त्याला सांगितलं, तुझ्या व्याह्याच्या मानासाठी माझी पोरगी सुकवायला घालू नकोस, मासळी नाही ती.

आता हे ती स्वतः लिहिते आहे. मी म्हटलं, बिल्कीसला बोलावते. म्हणाली, नको, माझं मी लिहिते, चूक राहायला नको. तर तिच्याच हाताने घे: रबियाला तुझ्यापाशी यायचं नाही. दुसरीच्या दुकानावरच्या खोलीत तिला जागा करून नको. तिला तलाक हवा आहे, दोन साक्षीदारांसमोर, तिथल्या मशिदीच्या इमामाच्या सहीने. असमा आईजवळ राहील. फणी पाठवू नकोस.

इथे तिचा हात थांबला होता. आता चालतो आहे.

दादी


सालमिया
ता. ८ मार्च १९६३

नझीर,

तुझा तलाकाचा कागद आला, त्याला आता बरेच दिवस झाले. थांबायची इद्दतीची मुदतही पुरी झाली. एवढं मात्र तू वेळेवर केलंस. अर्ध्या पानात. गल्लीचा एकही वास त्यात नव्हता. एवढं आखूड लिहिता येतं तुला, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगा झाल्याचं अशरफकडून कळलं. त्याचं नाव कळव. पणजीला पणतूचं नाव आगबोटीवरच्या माणसाकडून कळू नये.

रबियाचा निकाह बकरी ईदनंतर ठरला आहे. हुसेन म्हणून आहे, खैतानला राहतो, मोटारींचं काम करतो, श्रीवर्धनचा. बायको वारली आहे. बोलायला असा कंजूष की पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं मुका आहे. जेवला, ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं. मी रबियाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. त्याला एकही गल्ली वर्णन करता येणार नाही. पण स्वतःची कुठे आहे ती त्याने आल्या आल्या सांगितली, आणि दुसऱ्या खेपेला नेऊन दाखवली. दुकानं नाहीत तिथे, पिवळ्या मातीचं मैदान आणि खुबूसच्या रोट्यांची भट्टी. असमाला भट्टी आवडली.

लग्न मीच ठरवलं. कासम म्हणाला, आपल्या घरातून आपल्याच सुनेचं लग्न, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक जेवायला येतील. त्याने बिऱ्याणीचे तांदूळ आणून टाकले. तोही शिकतो आहे हळूहळू.

असमा आईबरोबर जाते आहे. काल तिने गॅलरीतली गल्ली मोडली. चपला ज्याच्या त्याला परत दिल्या, माझी माझ्या पायाशी आणून ठेवली. लाल सँडल पायात होत नाही आता, तो बिल्कीसच्या नातीला दिला. मी विचारलं, गल्लीचं काय झालं गो? तर इंग्रजीत काहीतरी म्हणाली, शाळेत जाते ना. रबियाने अर्थ सांगितला: संपली.

तर नझीर, हे या हाताचं शेवटचं पत्र. यापुढे मला लिहून देणारी आणि वाचून दाखवणारी घरात कोणी नाही. बिल्कीस रडते, कासम बिल वाचतो. तू लिहायचं असेल तर लिही, मी पाकीट घेऊन ठेवीन. एवढी वर्षं तुझ्या गल्लीत मी कोणाच्या डोळ्यांनी चढले ते तुला आता कळेल. तुझं तर काही गेलं नाही. तुला घर आहे, पोर आहे, काचेच्या आतली मिठाई आहे. तुझ्यामुळे गेली ती माझी गेली. मी तिला माझ्याच हाताने खैतानला पोचवते आहे, आणि त्यासाठी तुला दुआ द्यायला सांगू नकोस.

अशरफबरोबर डबा पाठवला आहे. रबियाने भरला, मी सांगितलं नव्हतं. खजूर आहे, आणि झुलेखासाठी बाळंतिणीचे मेथीचे लाडू आहेत. ते निळं फडकं धुऊन त्यातच डबा बांधला आहे. कान सारखे आलेत का बघ म्हणावं.

लग्नाला इथे मिठाई पुष्कळ होईल. तरी तू रबियाला खाऊ घालीन म्हणून लिहिलं होतंस, तेवढं कबूल केलेलं पुरं कर. पानात गुंडाळलेली पाठवू नकोस, ती वाटेत आंबेल. ती साच्यात दाबून करतात ती कोरडी, फुलाच्या आकाराची, तीच आगबोटीत टिकेल. तुझ्याच एका पत्रात होतं, मला आठवतं आहे. चवळीची नको. झुलेखाला सांग, राणीच्या डब्यात भर, आणि वर नाव लिहायचं तर माझं नको, रबियाचं लिही. अशरफची बोट सुटायच्या आत दे. आणि डबा झुलेखालाच भरू दे. तू हात लावू नकोस, लावलास तर रिकामा येईल.

दादी